मिस, त्या बाई आल्या

आमच्या शाळेत कायद्याने 'मिस' असलेली बाई मी एकटी. मस्टरवर माझ्या नावाआधी 'कु.' होतं आणि निवृत्तीच्या कागदांवरही तेच राहिलं. कु. कालिंदी वैशंपायन, एम. ए., इंग्रजी. तरी एकतीस वर्षांत मला कुणी आपणहून मिस म्हटलं नाही. म्हटलं ते दुर्गाला. दुर्गा शाळेची सेविका, दोन मुलांची आई, नवरा हिंमतराव भोसरीला एका कंपनीत. गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी, आणि पोरं म्हणणार 'दुर्गा मिस'. मला ते सहन झालं नाही. दुर्गाबद्दल सांगायचं तर हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं मी फार शहाण्यासारखं सांगेन.

शाळा शनिवार पेठेत, मराठी माध्यमाची. आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात. त्यात वाईट काही नाही, पण 'बाई' हा शब्द गरीब गाय आहे, कुणाच्याही दावणीला बांधा. शिकवते ती बाई, भांडी घासते ती बाई, आणि नाव दुर्गा असलं तर मागे चिकटते तीही बाई. आमच्या इमारतीतल्या काकूंनी एकदा जिन्यात मला विचारलं, "तुमच्या बाई आल्या का हो आज?" मी म्हटलं, "एक बाई समोर उभी आहे. तुम्हाला कोणती हवी?" त्या दिवसापासून काकू मला फक्त नमस्कार करतात.

'मिस'चं वेड मला कॉलेजपासून. कॅम्पात एका कॉन्व्हेंट शाळेसमोर माझी बस थांबायची. आतून मुलींचा आवाज यायचा, 'येस मिस, नो मिस'. मनात म्हणायचे, एक दिवस हे मला म्हणतील. पुढे दोन इंग्रजी शाळांत मुलाखती दिल्या. तुमचं स्वतःचं शिक्षण कुठल्या माध्यमात, असं दोन्हीकडे विचारलं. मराठी म्हटल्यावर त्यांनी चहा विचारला, नोकरी विचारली नाही. मग मी शनिवार पेठेत बाई झाले. पाचवी ते सातवीला 'मिस' हा शब्द मात्र मी असा शिकवायचे की निरीक्षक वही काढून लिहून घ्यायचे. नेम चुकला तर मिस. गाडी चुकली तर मिस. तास बुडवला तर मिस. अविवाहित स्त्री ती मिस. आणि ज्याच्यावाचून करमत नाही, त्याची आठवण काढणं तेही मिस. एवढे अर्थ माझ्या तोंडपाठ, आणि कागदावरचा सोडला तर त्यातला एकही माझ्या वाट्याला नाही.

अडीच वर्षांपूर्वी पट घसरला म्हणून संस्थेने पहिलीपासून सेमी इंग्रजी सुरू केलं. त्यासाठी चैताली नावाची चोवीस वर्षांची मुलगी घेतली. तिने पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलं, "इथे बाई नाही म्हणायचं हं, मिस म्हणायचं." कुणाला म्हणायचं ते सांगायचं राहिलं. सहा वर्षांच्या पोरांनी आपला अर्थ काढला, शाळेत जी दिसेल ती मिस. आणि शाळेत पहिली दिसायची दुर्गा.

ती नऊ वाजता यायची, विश्रांतवाडीहून बसने मनपाच्या थांब्यापर्यंत आणि पुढे चालत. मूळची कारंज्याची, वाशिम जिल्ह्यातली. लग्नानंतर नवऱ्यामागे पुण्यात आली, सातवी शिकलेली, एकोणीस वर्षं आमच्याकडे. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून ती पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायची, डब्यांची घट्ट झाकणं उघडायची, कुणाचं नाक पुसायची, कुणाच्या दप्तरातून विसरलेलं केळं काढायची. कुणाचा दात हलतोय आणि कुणाची आजी दवाखान्यात आहे, हे वर्गशिक्षिकेच्या आधी तिला कळायचं. पूर्वी पोरं तिला दुर्गाबाई म्हणायची. ही नवी पोरं म्हणू लागली दुर्गा मिस, आणि तिने वळून ओ दिली. मी तिला तोंडावर तुम्ही म्हणायचे आणि मनात ती. आता मनातलंच लिहिते आहे.

सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक रंगनाथ सरांनी आठवड्याचे दोन तास मला सेमीच्या दुसरीवर दिले. म्हटलं, आता तरी. नवं पातळ नेसून गेले. जिन्यात आम्रपाली नावाची एक बारकी मुलगी दुर्गाच्या मांडीवर पाय टाकून बसली होती, नाडी बांधून घेत. मला पाहिलं आणि दुर्गाचा खांदा हलवत म्हणाली, "मिस, त्या बाई आल्या."

वर्गात गेल्यावर मी विचारलं, "मला बाई का म्हणालीस गं?"

"मोठी मुलं म्हणतात ना," ती म्हणाली. मग समजूत काढल्यासारखी म्हणाली, "आमच्याकडे पण बाई येते. खूप चांगली आहे."

त्या तासाला मी काय शिकवलं ते आठवत नाही.  पोरीचा काही दोष नव्हता, म्हणून राग दुर्गावर काढायचं ठरलं. ठरवलं कुणी नाही, आपोआपच ठरलं.

संधी तिनेच दिली. मधल्या सुट्टीत चहा घेऊन आली आणि दाराशी घुटमळली. "बाई, एक इचारू का? लेकरं मले मिस म्हणतात, त्याचा अर्थ काय होते जी?"

मी वह्यांवरची नजर वर न उचलता सांगितलं, "मिस म्हणजे चुकणं. बस चुकली, नेम चुकला, की मिस."

तिने कप टेबलावर ठेवला. "म्हंजे चुकलेली?"

"तसंच काहीसं."

"असं हाय काय," ती म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन गेली. शिक्षकाने मुलाला अर्धा अर्थ शिकवणं याइतकं पाप नाही, असं मी दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगायचे. त्या दिवशी चहा गोड लागला, हेही खरं.

चार दिवसांनी ती उशिरा आली आणि जिन्यातूनच म्हणाली, "आज बस मिस झाली बाई." वापर बिनचूक होता. मला तेही आवडलं नाही.

आता मिस कॉलचं सांगते. तीन वर्षांपूर्वी मला शाळेच्या जिन्यात चक्कर आली होती. दुर्गाने रिक्षा करून मला नारायण पेठेत घरी पोचवलं, खिचडी लावली आणि घरात दुसरं कुणी नाही हे भिंतीवरच्या फोटोंकडे पाहून ओळखलं. जाताना म्हणाली, "उद्यापासून घरी पोचल्या का मले एक मिस कॉल देजा." मी म्हटलं, "मिस्ड कॉल. मिस्ड. भूतकाळ आहे तो." ती म्हणाली, "थे तुमचं तुमी पाहा. पण देजा." तेव्हापासून साडेपाचला कुलूप उघडलं की मी एक रिंग द्यायचे आणि कापायचे. ती तेव्हा शेवटचा वर्ग झाडून निघायच्या बेतात असायची. फोन आता फुकटच झालेत, बोलायला पैसे पडत नाहीत, पण तिच्या हिशेबी पोचल्याची खबर एका रिंगेची. बोलण्यासारखं काही नसतंच, असं ती म्हणायची.

म्हणजे ती माझ्याशी चांगली होती. हेच अवघड होतं. वाईट माणसाचा हेवा करायला सोपं जातं, त्याला नावं ठेवता येतात.

गेल्या ऑगस्टात तिची सासू आजारी पडली आणि ती आठ दिवस कारंज्याला गेली. शाळेची पार रया गेली. दुसऱ्याच दिवशी जिन्यात दोन पोरं सुटलेल्या नाड्यांवरून पडली. सेमीची पोरं रोज विचारायची, मिस कुठे गेल्या? चैताली उत्तर द्यायची, मी इथे आहे ना. पोरं म्हणायची, तुम्ही नाही, मिस. चैताली हसायची, तिला त्याचं काही नव्हतं. तिच्यापुढे अजून तीस वर्षं होती. माझ्यापुढे नोव्हेंबर होता. नोव्हेंबरअखेर मी निवृत्त होणार होते, आणि मला एकच गोष्ट हवी होती, की मी गेल्यावर कुणीतरी विचारावं, कुठे गेल्या?

तिसरीच्या वर्गात, म्हणजे आम्रपालीच्याच, मी फळ्यावर लिहिलं, 'आय मिस' आणि पुढे रिकामी जागा. ज्याच्यावाचून करमत नाही त्याचं नाव लिहा, म्हटलं. अठ्ठावीस वह्या घरी आणल्या आणि हात धुवून बसले. अकरा जणांनी दुर्गा मिस लिहिलं होतं. सहा जणांनी मामाचं गाव. बाकीच्यांत आजी, मेलेलं कासव आणि आईने काढून घेतलेला मोबाइल. समोर उभ्या असलेल्या माणसावाचून कुणाला कसं करमणार नाही, माझं नाव कोण कशाला लिहील, हे मला कळत होतं. तरी मी प्रत्येक वही उघडताना वाट पाहिली.

आम्रपालीने लिहिलं होतं, 'आय मिस मिस.'

मी खूप वेळ ते वाचत राहिले. कुठली मिस ते लिहिलं नव्हतं. गेले महिनाभर ती मला कधी बाई, कधी काहीच न म्हणता बोलत होती. असंही असेल की. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावलं. दुसऱ्या मिसचं पहिलं अक्षर मोठं हवं, असं सांगून लाल शाईने दुरुस्त केलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि ही कुठली मिस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हिला एवढंही येत नाही. "दुर्गा मिस."

त्याच दुपारी मी रंगनाथ सरांकडे गेले. म्हटलं, शाळेत संबोधनांचा गोंधळ आहे, शिस्तीला धरून नाही. पालक काय म्हणतील? सर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, पालक फीबद्दल म्हणतात, शौचालयाबद्दल म्हणतात. याबद्दल अजून कुणी म्हटलेलं नाही."

"म्हणण्याची वाट कशाला पाहायची?"

"मसुदा तुम्हीच करून आणलाय वाटतं," ते माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत म्हणाले, आणि त्यांनी सही केली. निवृत्तीला आलेल्या बाईशी कोण वाद घालणार.

सूचना अशी होती: 'सर्व विद्यार्थ्यांनी शिक्षिकांना मिस व सेविकांना मावशी असे संबोधावे.' मावशी शब्द मी मुद्दाम घातला होता. शाळांत सेविकांना मावशीच म्हणतात, आणि त्यात शिक्षिकेची बरोबरी होत नाही.

आठ दिवसांनी दुर्गा परत आली तेव्हा सूचना लावायचं काम तिच्याकडेच आलं, कारण फलकावर कागद लावायचं काम तिचंच असतं. मी तिथून जात होते. तिने चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्या, मागे सरकली आणि ओठ हलवत सगळं वाचलं. अक्षर माझं होतं. एकोणीस वर्षं माझ्या सूचना लावणाऱ्या माणसाला ते ओळखायला किती वेळ लागणार. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "सरळ लागली ना बाई?"

मी म्हटलं, "डावीकडे जरा खाली आहे." तिने ती नीट केली.

त्या संध्याकाळी मी मिस कॉल दिला नाही. राग होता की लाज, ते तेव्हा मी तपासलं नाही.  दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढताना तिने मान वर करून मला एकदा पाहिलं, "आल्या का," म्हणाली आणि पुन्हा नाडी बांधू लागली. मग रोज तसंच. मी रिंग द्यायचे नाही, ती सकाळी एकदा पाहायची.

आणि सूचनेचं काय झालं? करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पोरांना मावशी शब्द घरून पाठ होता. मावशी म्हणजे आईची बहीण, जी खाऊ देते आणि आईला सांगत नाही. जी पोरं दुर्गा मिसच्या मांडीवर फक्त पाय ठेवायची, ती आता दुर्गा मावशीच्या गळ्यात पडू लागली. आणि मला मिस म्हणू लागली. जिन्यात, व्हरांड्यात, धावता धावता, तोंड दुसरीकडे करून, 'गुड मॉर्निंग मिस'. चैतालीला तेच, मला तेच, संगणकाच्या मॅडमना तेच. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो शब्द मला दिवसातून चाळीस वेळा मिळू लागला, आणि त्यातला एकही माझा नव्हता. माझ्या पाचवी-सातवीच्या पोरांनी मिस म्हणून पाहिलं, ती हसली आणि पुन्हा बाईवर गेली. तेच बरं वाटलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. आम्रपालीने चैतालीने पाठ करून घेतलेलं म्हटलं, 'वुई विल मिस यू, मिस.' दोन्ही मिस बिनचूक. टाळ्या झाल्या. तिची नजर पेढ्यांच्या ताटावर होती, आणि ताट दुर्गाच्या हातात होतं.

निघताना फाटकाशी दुर्गा उभी होती. घड्याळाचं खोकं तिने रिक्षात ठेवलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "बाई, मिसचा एक अर्थ तुमी मले सांगतला नव्हता."

"कुठला?" मी विचारलं. मला माहीत होतं कुठला.

"आठवण येते थो. चैताली मॅडमनं सांगतला."

"आत्ता समारंभात?"

"नाही जी. तुमी चुकलेली म्हणून सांगतलं ना, त्याच दिवशी इचारलं मी तिले. बाईमाणसाले इज्जतीनं म्हणतात, थोही सांगतला."

म्हणजे सव्वा वर्ष तिला माहीत होतं. सव्वा वर्ष ती मला चहा देत होती, खिचडीचं विचारत होती, आणि माझ्याच शिकवणीतलं 'बस मिस झाली' मला म्हणून दाखवत होती. मी विचारलं, "मग मला बोलला का नाहीत?"

"तुमाले वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. "जपून जाजा."

रिक्षात मला जे वाटलं त्याला पश्चात्ताप म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला हेवा वाटला. हीच एक गोष्ट माझ्याकडे असायला हवी होती, शिकवणारीचा मोठेपणा, आणि तीही तिच्याकडे निघाली.

एक डिसेंबरला मी कुठेच गेले नाही. घड्याळ भिंतीला लावलं. ते दोन मिनिटं पुढे होतं, तसंच राहू दिलं. दुपार कशीबशी संपवली. साडेपाच वाजले, तेव्हा मी जुन्या सवयीने फोनकडे पाहिलं. पण मी कुठून आलेच नव्हते, तर पोचल्याचं काय कळवणार? सव्वासहाला फोन एकदा वाजला आणि बंद झाला. पडद्यावर नाव होतं, 'दुर्गाबाई सेविका'.

आधी मला वाटलं, सकाळी आता मी दिसणार नाही, म्हणून विचारते आहे. मग वेळ पाहिली. ती साडेपाचला निघते, मनपाला बस धरते आणि सव्वासहाला विश्रांतवाडीत उतरते. घरी पोचण्याची ती माझी वेळ नव्हती, तिची होती. ती मला कळवत होती, की पोचले. अठ्ठावन्न वर्षांत मला कुणी पोचल्याचं कळवलं नव्हतं. कुणाला माझी वाट असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि कुणाची वाट मला असेल असं दुसऱ्या कुणाला वाटलं नव्हतं. इथेही तीच पुढे. हे मला सुचलं असतं तर काय बिघडलं असतं?

खूप वेळाने मी एक रिंग दिली आणि कापली.

दुसऱ्या दिवशी सहापासून मी फोन घेऊन खिडकीत बसले. सव्वासहा झाले, फोन वाजला नाही. सहा वीस झाले. नव्या घड्याळात पाहिलं, मग मनगटावरच्या. बस मिस झाली असेल, म्हटलं. सहा सत्तावीसला वाजला.